एका चालीचे मोल : बुद्धिबळाचा एक पाठ

बुद्धिबळाचा पट मांडला की दोन्ही सैन्ये अगदी सारखी दिसतात. जितके हत्ती, घोडे नि उंट पांढऱ्याकडे, तितकेच काळ्याकडे. राजासमोर राजा, वजिरासमोर वजीर. भेद एवढाच की पहिली चाल पांढऱ्याची. ह्या एका चालीची किंमत किती, ती कशी टिकते आणि कशी हातची जाते, हे ज्याला कळले त्याला अर्धे बुद्धिबळ कळले असे म्हणावयास हरकत नाही. हा हिशेब पुढे एका प्रसिद्ध डावाच्या आधारे मांडावयाचा आहे. वाचकांनी शक्य तर पट जवळ घेऊन बसावे. नुसते वाचून बुद्धिबळ येत नाही, जसा नुसता पाकशास्त्राचा ग्रंथ वाचून पोळी फुगत नाही.

आपल्या छाणीच्या सभागृहात रविवारी सकाळी मुले पट मांडून बसतात, तेव्हा त्यांच्यामागे उभ्या असलेल्या वडीलधाऱ्यांकडून एक सल्ला हमखास कानी पडतो : ‘काळी मोहरी आली ना, मग समोरचा जे खेळेल तेच तू खेळ. निदान हरणार तरी नाहीस.’ सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, ह्यात शंका नाही. परंतु सल्ला मात्र खोटा आहे. तो खोटा का, हे दाखविण्यापूर्वी घरे ओळखण्याची रीत सांगून ठेवतो.

पटाच्या उभ्या ओळींना पांढऱ्याच्या डावीकडून अ, ब, क, ड, इ, फ, ग, ह अशी नावे द्यावीत. आडव्या ओळी पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८. म्हणजे पांढरा राजा आरंभी इ१ वर आणि काळा राजा इ८ वर. चाली लिहिताना घोड्याला ‘घो’, उंटाला ‘उं’, वजिराला ‘व’ म्हणू. नुसते घर लिहिले तर चाल प्याद्याची समजावी, आणि मध्ये × ही खूण असेल तर मारामारी झाली असे समजावे. क्रमांकापुढे आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची.

आता नक्कल करणाराची गोष्ट. १. इ४, इ५ २. घो-फ३, घो-फ६ ३. घो×इ५, घो×इ४. येथवर आरसा शाबूत आहे. ४. व-इ२, व-इ७. अजूनही आरसा शाबूत. आता पांढरा ५. व×इ४ खेळून घोडा मारतो. काळ्याला वाटते, आपणही तेच करू, आणि तो ५. … व×इ५ खेळतो. पण इ५ वरच्या घोड्यामागे इ४ वर पांढरा वजीर आता येऊन उभा आहे! ६. व×इ५ शह, आणि काळ्याचा वजीर गेला. नक्कल चार चाली सुखाने चालली आणि पाचव्या चालीला डोक्यावर आदळली. कारण उघड आहे. दोघेही एकमेकांवर हात उगारून उभे असले तर ज्याची पाळी आधी त्याचा हात आधी पडतो, आणि तो पडल्यावर समोरची स्थिती पूर्वीची राहत नाही. एका लहान मुलाला हे मी पटावर दाखविले तेव्हा तो म्हणाला, ‘म्हणजे आरशातला माणूस नेहमी उशिरा हलतो.’ इतकी नेमकी व्याख्या मला सुचली नसती.

वरचा डाव मध्यातल्या प्याद्यांचा आहे. तेथे मारामारी लवकर होते, म्हणून नकलेचा भोपळाही लवकर फुटतो. ह्याच्या उलट एक निराळी तऱ्हा आहे. तीत मधली प्यादी लगेच न हाणता बगलेकडून सुरुवात करतात. क प्यादे दोन घरे पुढे टाकावयाचे, ग प्यादे एक घर सरकवून त्याच्या मागे उंट बसवावयाचा, आणि मध्यावर दुरून नजर ठेवावयाची. १. क४ ह्या सुरुवातीला ‘इंग्लिश’ म्हणतात. इंग्लंडचा हॉवर्ड स्टाँटन हा १८४३ साली पॅरिसला सेंट-अमाँ ह्या फ्रेंच खेळाडूविरुद्ध ती खेळला, त्यावरून हे नाव पडले. १. घो-फ३ ने आरंभ करण्याची तऱ्हा रिशार्ड रेटीच्या नावाने ओळखतात. त्याने १९२४ साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेत त्या वेळच्या जगज्जेत्या कापाब्लांकाला ह्याच मार्गाने हरविले, आणि कापाब्लांका त्यापूर्वी आठ वर्षे एकही डाव हरला नव्हता.

बगलेच्या डावात आरसा पुष्कळ वेळ टिकू शकतो. १. क४, क५ २. घो-क३, घो-क६ ३. ग३, ग६ ४. उं-ग२, उं-ग७ ५. घो-फ३, घो-फ६ ६. किल्लेकोट, किल्लेकोट. सहा चाली झाल्या, एकही प्यादे मेले नाही, आणि मध्ये आरसा धरावा तशी दोन्ही बाजूंची मांडणी. येथे पांढरा ७. ड४ खेळतो. काळ्याने ड५ करून पुन्हा नक्कल केली तर क आणि ड ओळींतली चारही प्यादी एकमेकांच्या तोंडाशी येतात आणि मारण्याची पहिली पाळी पांढऱ्याची असते. म्हणून मुरलेले खेळाडू येथे आरसा स्वतःच मोडतात आणि ७. … क×ड४ असे मारतात. नक्कल करणे हा गुन्हा नव्हे. ती कोठे सोडावयाची हे न कळणे, हा मात्र खचित आहे.

येथे थोडे विषयांतर करण्याची परवानगी असावी. आपल्यापैकी ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या वेळचा कापडी पट होता, त्यांना ‘देशी’ डाव आठवत असेल. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही सामान्यतः एकच घर चालते. किल्लेकोट नाही; त्याऐवजी शह बसलेला नसेल तर राजाला एकदा घोड्याची उडी मारण्याची मुभा. भागाभागांत नियम थोडे वेगळे, आणि त्यावरून भांडणेही ठरलेली. विलायती नियमांशी जुळवून घेण्याची खटपट तशी जुनीच आहे. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री ह्यांनी संस्कृतातून इंग्रजीत आणलेले डावांचे पुस्तक छापले गेले, ते युरोपीय रीतीला जुळवून घेऊनच. आपल्या सभागृहातही दोन ज्येष्ठ सभासद अजून देशी नियमांनीच खेळतात, आणि मुलांचा गोंधळ होतो म्हणून तो पट बंद करावा अशी सूचना मध्यंतरी आली होती. मला ती पसंत नाही. कारण सांगतो.

प्यादे एकच घर चालत असेल तर मध्यावर धावून कबजा घेता येत नाही. मग मनुष्य साहजिकच ग प्यादे एक घर, ब प्यादे एक घर असे सरकवितो आणि उंटाला तिरकी वाट करून देतो. बगलेची मांडणी ही अशी आपल्या मातीतली आहे. कलकत्त्यास मोहेशचंद्र बॅनर्जी म्हणून एक खेळाडू होते. ते देशी नियमांवर वाढलेले, मागाहून विलायती नियम शिकले, आणि जॉन कॉक्रेन ह्या स्कॉटिश बॅरिस्टराशी शेकडो डाव खेळले. १८५५ च्या मे महिन्यातील त्यांच्या एका डावात काळ्याने १. ड४, घो-फ६ २. क४, ग६ ३. घो-क३, ड५ अशी मांडणी केलेली आहे. हीच मांडणी ऑस्ट्रियाच्या ग्रुनफेल्डने १९२२ साली खेळून प्रसिद्धीस आणली आणि तिला त्याचे नाव मिळाले. म्हणजे सदुसष्ट वर्षांनी! काळ्याच्या कित्येक बचावांना आजही जगभर ‘इंडियन’ हे विशेषण लागते, ते ह्या कलकत्त्याच्या डावांमुळे. तेव्हा देशी पट कोपऱ्यात का होईना, मांडलेला असू द्यावा. मुलांना दोन नियम पाठ करणे जड जात नाही. घरात मराठी आणि दाराबाहेर गुजराती ती सहज बोलतातच.

आता मुख्य डाव. ९ नोव्हेंबर २०१३, चेन्नई. विश्वविजेतेपदाच्या सामन्याचा पहिला डाव. पांढरी मोहरी नॉर्वेच्या मॅग्नस कार्लसनकडे, वय बावीस. काळी मोहरी जगज्जेत्या विश्वनाथन आनंदांकडे, वय त्रेचाळीस, आणि सामना त्यांच्या स्वतःच्या गावी. चाली अशा :

१. घो-फ३, ड५ २. ग३, ग६ ३. उं-ग२, उं-ग७ ४. ड४, क६ ५. किल्लेकोट, घो-फ६ ६. ब३, किल्लेकोट.

येथे थांबून पट न्याहाळावा. दोन्ही राजे ग ओळीत सुखरूप. उंट ग२ आणि ग७ वर, घोडे फ३ आणि फ६ वर, ड प्यादी ड४ आणि ड५ वर समोरासमोर. चालींचा क्रम निरनिराळा असूनही चित्र आरशातले झाले आहे. फरक केवळ दोन प्याद्यांचा. पांढऱ्याने ब३ केले, काळ्याने क६. आणि आता चाल पांढऱ्याची, म्हणजे आरंभीची एक चालीची मिळकत अद्याप त्याच्या गाठीशी आहे.

७. उं-ब२, उं-फ५. येथे आरसा फुटला. पांढऱ्याने दुसरा उंटही बगलेत बसविला. आनंदांनी मात्र आपला उंट घराबाहेर काढून उघड्यावर, फ५ वर आणला. पांढऱ्याचा ब२ वरचा उंट आपल्याच ड४ प्याद्यामागे कोंडलेला आहे. काळ्याचा फ५ वरचा उंट इ४, ड३ अशा मोकळ्या वाटेने थेट क२ च्या प्याद्यापर्यंत पाहतो.

८. क४, घोडा ब८ वरून ड७ वर ९. घो-क३, ड×क४ १०. ब×क४, घोडा ड७ वरून ब६ वर. वरवर पाहता पांढरा खूश असावयास पाहिजे. मध्यात क४ आणि ड४ अशी दोन प्यादी जोडीने उभी, शिवाय ब ओळ त्याच्या हत्तीसाठी मोकळी झालेली. पण त्या ओळीच्या तोंडाशी, ब१ वर, काळ्या उंटाची नजर आहे, आणि ब६ वरचा घोडा क४ च्या प्याद्यावर धरणे धरून बसला आहे. त्या प्याद्याला या घटकेला कोणाचाच आधार नाही.

११. क५. माझ्या मते डावाचा सांधा येथे बदलला. वजीर ब३ वर आणून क४ सांभाळता आले असते. कार्लसनने प्यादे पुढे ढकलून घोड्यालाच हुसकावले. घोडा गेला खरा, पण मागे नव्हे, पुढे : ११. … घो-क४. प्यादे ज्या घरातून उठले त्याच घरात घोडा जाऊन बसला आणि तेथून त्याने ब२ च्या उंटावर हल्ला केला. क प्यादे पुढे गेल्यामुळे आणखी एक घर सुटले, ते ड५. तेथे काळा घोडा येऊन बसला तर त्याला हुसकावण्यास क प्यादे आता उपयोगी नाही. प्यादे मागे येत नाही, हे आपण मुलांना पहिल्या दिवशी शिकवितो. त्याचा खरा अर्थ अशा वेळी कळतो.

१२. उं-क१. उंट आपल्या मूळ घरी परतला! सातव्या चालीला निघालेला उंट बाराव्या चालीला घरी आला. आता जमाखर्च पाहा. जाण्याची एक चाल आणि येण्याची एक चाल, अशा पांढऱ्याच्या दोन चाली वाया गेल्या. पहिली चाल आपली म्हणून एकीची मिळकत होती. दोन खर्ची पडल्या. थोडक्यात, भांडवल गेलेच आणि वर एका चालीचे देणे झाले. एकही मोहरे न गमावता पांढऱ्याचा पांढरेपणा संपला. बाराव्या चालीनंतर रंग उलटे समजून डाव पाहिला तर आरंभ जणू काळ्याने केला होता असे वाटते.

१२. … घो-ड५ १३. व-ब३, घो-अ५ १४. व-अ३, घो-क४ १५. व-ब३, घो-अ५ १६. व-अ३, घो-क४. डाव बरोबरीत.

शेवटच्या चालींत काय चालले आहे ते समजून घ्यावे. पांढरा वजीर ब३ वर येऊन क४ चा घोडा आणि ब७ चे प्यादे असे दुहेरी पाहतो. घोडा अ५ वर जाऊन उलट वजिरालाच हटकतो. वजीर अ३ वर सरकून घोड्यावर हल्ला करतो, घोडा पुन्हा क४ वर येऊन वजिराला हटकतो. वजीर पुन्हा ब३ वर गेला की तीच स्थिती, त्याच्याच पाळीने, तिसऱ्यांदा आली असती, आणि तसे झाले की बरोबरी मागण्याचा हक्क नियमानेच मिळतो.

सोळा चालींचा डाव, एक उंट नाही मेला की एक घोडा नाही. ह्यात पाहण्यासारखे काय, असे एका पालकांनी मला विचारले होते. प्रश्न रास्त आहे. दोन्ही बाजूंचे मिळून एकेक प्यादे तेवढे पडले. परंतु पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणारा माणूस, तोही वयाने अर्धा आणि जिंकण्यासाठी आलेला, सोळाव्या चालीला आपण होऊन फेऱ्या मारीत बरोबरी पत्करतो, ह्याचा अर्थ त्याला पुढे जाण्यात लाभ दिसत नव्हता. आणि हे घडविण्यासाठी काळा नक्कल करीत बसला नाही. सातव्या चालीला उंट बाहेर काढला, नवव्या चालीला मध्यातले प्यादे सोडून दिले आणि घोडे पुढे आणले, हे तिन्ही निर्णय त्याचे स्वतःचे. पांढऱ्याने ब२ केले म्हणून आपण ब७ करू, असे म्हणणारा काळा ह्या डावात फार तर रडतखडत टिकला असता.

पुढे सामन्यात काय झाले हेही सांगितले पाहिजे. नाहीतर अर्धसत्य होईल. कार्लसनने पाचवा, सहावा आणि नववा डाव जिंकला, बाकीचे बरोबरीत सुटले, आणि २२ नोव्हेंबरला दहा डावांअखेर साडेसहा विरुद्ध साडेतीन अशा गुणांनी तो जगज्जेता झाला. पहिल्या डावात चालींचा हिशेब चुकलेला खेळाडू सामना जिंकून गेला. त्याची कारणे निराळी आहेत. लांबलेल्या डावांत, थोड्या मोहऱ्यांच्या शेवटात, त्याची चिकाटी दांडगी. ते एका स्वतंत्र पाठाचे काम आहे.

मला खरी चिंता आहे ती ‘निदान हरणार तरी नाहीस’ ह्या शब्दांची. आपल्या वर्गात मुली बऱ्याच आहेत, आणि त्यांच्या बाबतीत हे शब्द जरा जास्तच ऐकू येतात. ‘बरोबरी केलीस तरी पुष्कळ झाले’ असे एक आई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला स्पर्धेच्या दारात सांगत होत्या. मुलगी आत गेली आणि बाराव्या चालीला, आपला एक उंट जास्त असताना, बरोबरी मागून मोकळी झाली. तिला आपण जिंकत आहोत हे कळत होते. मी मागाहून विचारले तेव्हा म्हणाली, ‘आईने तेवढेच सांगितले होते.’ पालकांनी ह्यावर विचार करावा. वासंती खाडिलकरांनी १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. त्यांची धाकटी बहीण रोहिणी हिने तो मान पाच वेळा मिळविला, आणि १९७६ साली ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेतही बसली. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. कोनेरू हम्पीबरोबरच्या अंतिम सामन्यातील दोन्ही संथ डाव बरोबरीत सुटले. मग जलद डाव झाले, पहिलाही बरोबरीत गेला, आणि दुसरा दिव्याने जिंकला, तो काळ्या मोहऱ्यांनी. गुजरातेपुरते बोलावयाचे तर अहमदाबादचे तेजस बाकरे २००४ साली ह्या राज्याचे पहिले ग्रँडमास्टर झाले. ते काही फार दूरचे गाव नव्हे. सभागृहातल्या आठ पटांपैकी एखाद्यावर असा कोणी बसलेला नसेलच असे कोणी सांगावे?

आता अभ्यास. वरील डावात काळ्याची बारावी चाल, म्हणजे घो-ड५, होईपर्यंत पट मांडावा. कार्लसनने येथे व-ब३ खेळून बरोबरीची वाट धरली. त्याऐवजी त्याने १३. घो×ड५ असे मारले असते तर काळ्याने वजिराने मारावे की क प्याद्याने? वजिराने मारणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ग२ चा पांढरा उंट आपल्या फ३ वरच्या घोड्याच्या आड बसला आहे, आणि तो घोडा हलला की तिरकी वाट सरळ ड५ पर्यंत मोकळी होते. घोडा ह४ वर गेला तर एकाच वेळी कोणकोणत्या मोहऱ्यांवर हल्ला होतो ते मोजावे, आणि काळ्याला त्यातून ड४ चे प्यादे मारून निसटता येते का तेही पाहावे. क प्याद्याने मारणाऱ्यांनी क५ वरचे पांढरे प्यादे पुढे बलवान ठरेल की दुबळे, ह्याचा आपल्यापाशी निर्णय करावा. उत्तरे कागदावर लिहून रविवारी आणावीत. चाली तोंडी सांगितलेल्या चालणार नाहीत.